चिंचेनं धुतलेली पेनी

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये माझी नोकरी झाली. दिवसभर मायक्रोस्कोपखाली रक्ताच्या काचा ठेवायच्या आणि पेशी मोजायच्या. मोजताना कोणी मध्ये बोललं की आकडा चुकायचा, मग मी खेकसायची. निवृत्त झाले तरी खेकसायची सवय सुटली नाही, आणि बारीक बघायचीही सुटली नाही. पहिलीचा त्रास घरच्यांना होतो. दुसरी मी पेन्यांवर खर्च करते.

पेन्या म्हणजे इंग्लंडची जुनी नाणी, आपल्या जुन्या रुपयापेक्षा मोठी आणि जाडजूड. एका बाजूला राणी नाहीतर राजा, दुसऱ्या बाजूला हातात त्रिशूळ घेऊन समुद्राकाठी बसलेली बाई. आमचे हे त्यांना 'चकत्या' म्हणतात. ह्यांची सगळी नोकरी रेल्वेत, मनमाडला गेली. नाशिकरोडहून रोज जाऊन-येऊन केलं बिचाऱ्यांनी. त्यामुळे आपल्या बायकोनं घरी बसून चकत्यांमध्ये डोळे फोडावेत, हे त्यांना अजून पटलेलं नाही. "चकत्या बघून झाल्या असतील तर चहा टाक," असं ते म्हणतात. मी म्हणते, तुम्हीच टाका. मग ते टाकतात, आणि चांगला टाकतात.

पेन्या माझ्याकडे आजोबांकडून आल्या. आजोबा देवळालीच्या छावणीत गोऱ्या शिपायांच्या मेसमध्ये वाढप्याचं काम करायचे. बोटीनं आलेल्या शिपायांच्या खिशात तिकडची चिल्लर उरलेली असायची. कोणी खूश झाला की ती आजोबांच्या हातावर ठेवायचा. ती इथं चालत नाही हे शिपायालाही ठाऊक आणि आजोबांनाही ठाऊक. तरी आजोबा सलाम करून ती खिशात टाकायचे. एका पत्र्याच्या डब्यात अशा कितीतरी साठल्या होत्या. घरात तो डबा दाराला टेका द्यायला वापरायचे. माझं लग्न झालं तेव्हा दुसऱ्या कोणी मागितला नाही म्हणून तो मी आणला.

त्या डब्याचं वेड कधी लागलं तेही सांगते. एका रविवारी दोन पेन्या शेजारी ठेवल्या. एकाच वर्षाच्या, एकाच राजाच्या. सहज लॅबच्या सवयीनं भिंग लावलं, तर एकीवर त्या बाईच्या मागचा समुद्र वर होता आणि दुसरीवर खाली. मला आधी वाटलं डोळे थकले. पुन्हा पाहिलं. समुद्र खरंच खाली होता. टांकसाळीतल्या माणसानं साचा बदलला होता, आणि इतक्या वर्षांनी नाशिकरोडला ते माझ्या लक्षात आलं होतं. मला इतका आनंद झाला की मी ह्यांना हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "ओहोटी असेल." इंग्लंडातले संग्राहकही त्या पेनीला ओहोटीचीच पेनी म्हणतात, हे मला नंतर कळलं. ह्यांना मात्र ते मी अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून शिकत गेले. केसांचा अंबाडा घातलेल्या तरुण राणीच्या पेन्यांवर तिच्या डोक्यातल्या पानांची संख्या मोजायची. सालाच्या आकड्यांमधलं अंतर बघायचं. सालाच्या डावीकडे एखादं इवलंसं अक्षर आहे का, तेही बघायचं. पहिल्या महायुद्धाच्या वेळी लंडनच्या टांकसाळीला काम झेपेना, म्हणून काही पेन्या बाहेरच्या खासगी टांकसाळींकडून पाडून घेतल्या. त्यांतल्या एकीनं सालाशेजारी के आणि एन अशी दोन अक्षरं टाकली. ही अक्षरं असलेली पेनी सहज हाती लागत नाही, आणि चांगल्या अवस्थेतली तर मुळीच नाही. अशा फरकांना बाजारात काही लोक 'जात' म्हणतात. मी म्हणत नाही. आमच्या घरात तो शब्द नाण्यालासुद्धा लावायचा नाही. मी 'प्रकार' म्हणते.

लोक पेनी हातात देतात आणि लगेच विचारतात, किती येतील? येतील ते येतील, पण तो सगळ्यात शेवटचा प्रश्न. आधी रंग बघायचा, मग झीज, मग प्रकार. रंग आधी का, तर तांब्याच्या नाण्यावर शंभर वर्षांत जो तपकिरी थर चढतो तीच त्याची कातडी. ती एकदा गेली की परत येत नाही. नाणं झिजलेलं असलं तरी चालतं, कारण झीज म्हणजे ते लोकांच्या हातांतून फिरलं. पण घासलेलं, धुतलेलं नाणं म्हणजे कातडी सोललेलं नाणं. त्याचा प्रकार कितीही दुर्मीळ असो, जाणकार माणूस ते हातात घेतो, उसासा टाकतो आणि परत ठेवतो.

माझ्याकडची के-एनची पेनी अशी होती की ती बघून कोणी उसासा टाकला नसता. देवळालीत एका जुन्या बंगल्यातलं सामान निघालं होतं. तिथल्या भंगारवाल्याकडे बटणांचा एक डबा मिळाला. शिवणकामाची बटणं, हुक, शिवताना बोटात घालायचं एक अंगुस्तान, आणि तळाशी ती. कोण्या बाईनं ती बटण समजून ठेवली असावी, म्हणून ती कोणाच्या हातांतून फिरलीच नाही. राजाच्या भुवया दिसत होत्या. रंग पिकल्या खजुरासारखा, सगळीकडे सारखा. ती मी आठ दिवस पदराला बांधून फिरले असते, पण घामानं डाग पडतात, म्हणून कापसात ठेवली.

नाशिकमध्ये आम्ही नाणीवाले दरवर्षी उन्हाळ्यात एका मंगल कार्यालयात जमतो. टेबलं मांडतात, पंखे गरगरतात, आणि लोक एकमेकांची नाणी बघून मनातल्या मनात जळतात. खरेदी-विक्री होते, पण जुनी माणसं अदलाबदल करतात, आणि अदलाबदलीची आमची एक रीत आहे. नाणं पुढे सरकवायच्या आधी देणाऱ्यानं त्याचे दोष स्वतःच्या तोंडानं, मोठ्यानं सांगायचे. घेणाऱ्यानं विचारायचं नाही, देणाऱ्यानं लपवायचं नाही. ज्यानं लपवलं त्याच्या टेबलासमोर पुन्हा कोणी खुर्ची ओढत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मी आल्यापासून असंच चालत आलंय, आणि माझा शब्द तिथं चालतो तो याच रीतीमुळे.

तिथं संगमनेरहून एक भाऊ येतात. अंगानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. त्यांच्याकडे अठराशे पंच्याण्णवची एक पेनी होती. त्या साली साचा बदलला. काही मोजक्या पेन्यांवर बाईच्या त्रिशुळाचं टोक आणि पुढचं अक्षर यांच्यात नेहमीपेक्षा जास्त अंतर राहिलं. अंतर म्हणजे किती, तर डाळीच्या दाण्याहून कमी. त्या अंतराची पेनी मला कधीच मिळाली नव्हती. मागच्या उन्हाळ्यात भाऊंनी माझी के-एन पाहिली आणि म्हणाले, "ताई, पुढच्या वर्षी ही माझी, ती तुमची." मी हो म्हटलं आणि वर्षभर त्या अंतराचा विचार करत राहिले.

त्याच वर्षी घरात सून आली. ह्यांच्या रेल्वेतल्या एका जुन्या दोस्ताची मुलगी, मनमाडची. फार्मसीची पदविका झालेली, तिथल्या एका मेडिकलमध्ये दोन वर्षं काम केलेलं. मुलगी हसतमुख, कामाला चपळ. पण आमच्याकडे आली आणि पाहुण्यासारखी राहू लागली. मम्मी, कुकर लावू का? मम्मी, पंखा बंद करू का? मम्मी, मी माझ्या आईला फोन करू का? मी म्हणायची, अगं कर ना, विचारतेस काय. ती "हो मम्मी" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. मी काही चुकीचं बोलले तरी "हो मम्मी." एकदा मुद्दाम म्हटलं की आज मंगळवार आहे ना, तर शुक्रवार असूनही ती हो म्हणाली. तिला माझी भीती वाटत होती, आणि मला त्याचं फार वाईट वाटत होतं. मला मुलगी नाही. या घरात कोणीतरी माझ्याशी हक्कानं भांडावं अशी माझी इच्छा होती. मुलगा भांडत नाही, तो सरळ कंपनीत निघून जातो.

एप्रिल आला. चौदा एप्रिलच्या आधी आमच्याकडे घर धुऊन निघतं. पडदे, पंखे, भिंती, भांडी, सगळं. जयंतीला माणसं येतात-जातात, खीर असते, आणि त्या दिवशी घरात एकही वस्तू मळकी दिसू नये असा आमच्या आईच्या काळापासूनचा दंडक. तांब्या-पितळेची भांडी चिंच आणि मिठानं लखलखीत व्हायलाच हवीत. सुनेच्या माहेरीही तेच. लग्नानंतरची तिची पहिली जयंती, त्यामुळे तिनं कंबर कसली होती. मी आदल्या दिवशी दुपारी मिरवणुकीच्या तयारीसाठी विहारात गेले होते. चार बायकांना चार गोष्टी सुनावून संध्याकाळी परत आले.

ओट्यावर तांब्याची घागर, तांबे, फुलपात्री ओळीनं वाळत ठेवलेली. सगळी झगझगीत. शेवटी एका स्टीलच्या ताटात, पांढऱ्या फडक्यावर, माझ्या पेन्या.

सगळ्या नव्हत्या. कपाटात वेगवेगळ्या पाकिटांत ठेवलेल्या होत्या त्या वाचल्या. टेबलावर मी अदलाबदलीसाठी निवडून ठेवलेल्या दहा-बारा तेवढ्या तिच्या हाती लागल्या होत्या. के-एन मधोमध होती. नव्या भांड्यासारखी गुलाबी चमकत होती.

"मम्मी," ती म्हणाली, "ह्या फार काळ्या पडल्या होत्या. तुमच्या लक्षात नसेल आलं. मी आधी चिंचेत भिजवल्या, मग ब्रशनं घासल्या. सगळ्यात काळी होती ती आता बघा."

मी तिच्याकडे पाहिलं. तिची बोटं चिंचेच्या पाण्यानं पांढरी पडून सुरकुतली होती, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी आयुष्यात पहिल्यांदा खेकसले नाही. तोंडात आलेलं सगळं गिळलं आणि म्हटलं, "छान केलंस. दमली असशील, बस जरा." मग खोलीत जाऊन दार लावलं आणि पलंगावर बसून रडले. रागानं रडले, दुःखानंही रडले. ते अंतर आता मला मिळणार नव्हतं.

ह्यांनी मला रडताना पाहिलं, आणि माणूस साधा असल्यामुळे त्यांनी बाहेर जाऊन सुनेला सगळं सांगून टाकलं. नाणं धुतलं की त्याचं मोल जातं, हिची सगळ्यात चांगली चकती होती ती, वगैरे. मी बाहेर आले तेव्हा ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. मी म्हटलं, "जाऊ दे गं. तांबं आहे ते, माणूस नाही." ती म्हणाली, "हो मम्मी."

त्यानंतर तिचं बोलणं आणखीच आटलं. जयंतीला पांढरी साडी नेसून तिनं सगळ्यांना खीर वाढली, सगळ्यांशी हसली, पण माझ्यासमोर आली की खाली बघायची. मी रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटायला लागलं. रागावलं की माणूस निदान उलट बोलतो, रडतो, मग मोकळा होतो. माझ्या गप्प बसण्यानं तिला कुठेच जागा राहिली नव्हती. मुलगा एकदा हळूच म्हणाला की कंपनीतून पुण्याला बदली मिळू शकते, विचार करतोय.

मधल्या दिवसांत घरात अंडी फार उकडली जायची. गच्चीत एक घट्ट झाकणाचा डबा दिसायचा आणि जिन्यात वास यायचा. मला वाटलं मुलगा व्यायामाला लागला असेल. चौकशी केली नाही.

मंगल कार्यालयातल्या नाण्यांच्या प्रदर्शनाच्या सकाळी मी साडी नेसत होते. ती आली आणि तिनं छोटी डबी पुढे केली. "मम्मी, बघा ना."

आत कापसात के-एनची पेनी होती. तपकिरी.

"उकडलेल्या अंड्यात गंधक असतं," ती भराभर सांगत होती. "अंडं कुस्करून बंद डब्यात ठेवलं की त्याची वाफ तांब्याला काळं करते. आधी घरातल्या जुन्या तांब्याच्या तारेवर करून पाहिलं. पहिल्या दोन वेळा डाग पडले, मग वेळ कमी-जास्त केला. आता तशीच झाली ना?"

मी खिडकीपाशी गेले, भिंग लावलं. काम सुंदर केलं होतं. पण भिंगाखाली रंग अक्षरांच्या कडांशी साचलेला दिसत होता आणि राजाच्या गालावर ब्रशचे बारीक ओरखडे तसेच होते. शंभर वर्षांचा रंग असा बसत नाही. आणि आमच्या लोकांत धुतलेलं नाणं एकवेळ माफ आहे, धुऊन पुन्हा रंग दिलेलं नाही. त्याला फसवणूक म्हणतात. हे तिला कुठून माहीत असणार? ती माझ्याकडे अशी बघत होती की मला खरं सांगणं जमलं नाही. "पुष्कळच सुधारली की," एवढंच म्हटलं.

ती म्हणाली, "मी पण येऊ का तुमच्याबरोबर?"

नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही. रिक्षात मी ठरवून टाकलं की भाऊंना भेटायचंच नाही, दोन-तीन टेबलं बघायची आणि परत यायचं.

कार्यालयाच्या दारातच भाऊंनी आम्हाला गाठलं. "ताई, वर्षभर वाट बघतोय." त्यांनी खुर्च्या ओढल्या, चहा मागवला, आणि मी काही म्हणायच्या आत पंच्याण्णवची पेनी टेबलावर ठेवली. आजूबाजूला नेहमीची मंडळी उभी राहिली. भाऊंची अदलाबदल म्हणजे लोकांना करमणूक असते. मागच्या वर्षी याच टेबलाशी त्यांनी एकाच्या बायकोचा किस्सा सांगितला होता. तिनं नवऱ्याची नाणी राखेनं घासली होती, आणि सगळं कार्यालय हसलं होतं. ती बाई डबा हातात घेऊन मागेच उभी होती. मीही हसले होते.

"माझे दोष आधी," भाऊ म्हणाले. "कडेला इथं ठोकर आहे. मागच्या बाजूला हिरवा ठिपका आहे, वाढत नाही. राणीचा कान झिजलाय. बस, एवढंच. घ्या, बघा."

मी भिंग लावलं. त्रिशूळ आणि अक्षर यांच्यात ते अंतर होतं. मोकळं, स्वच्छ अंतर. मला ती पेनी हवी होती, इतकी हवी होती की भिंग खाली ठेववेना.

"आता तुमचे सांगा, ताई."

मी डबी उघडून ठेवली. भाऊंनी वाकून पाहिलं आणि खुशीत मान डोलावली. रीतीप्रमाणे त्यांनी हात लावला नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. शेजारी सून बसली होती आणि तिनं भाऊंचे दोष कान देऊन ऐकले होते. माझ्या लक्षात आलं की इथं दोष लपवायचे नसतात आणि तिनं दिलेला रंगही दोषच, हे आत्ता या क्षणी तिला कळतंय.

गप्प बसले तर पेनी माझी होती. पण मग इतकी वर्षं जपलेला शब्द गेला असता. धुतली आहे म्हटलं, तर भाऊ विचारणार कोणी धुतली, आणि मग हशा. आणि ही मुलगी पुन्हा कधी माझ्याबरोबर कुठे येणार नाही, पुण्याला जाईल, दिवाळीला पाहुणी म्हणून येईल. "यंदा देत नाही" म्हणून डबी बंद करता आली असती, पण तेही तिनं स्वतःवरच घेतलं असतं.

"धुतलेली आहे," मी म्हटलं. "आणि वरून रंग दिलाय. मी धुतली."

भाऊंनी चष्मा काढला. "ताई, तुम्ही?" हसायचं की नाही, हे त्यांना समजेना. मागे कोणीतरी खाकरलं. मी खाली मान घालून डबीचं झाकण चाचपत बसले. अशा टेबलाशी शरमेनं मान खाली घालायची माझी ती पहिलीच वेळ होती.

"त्यांनी नाही धुतली," सून म्हणाली.

आवाज इतका खणखणीत होता की मला आधी वाटलं दुसरंच कोणी बोललं. ती उभी राहिली होती. "मी धुतली. चिंचेनं. आमच्याकडे जयंतीला सगळं तांबं धुतात, तर मी हेही धुतलं. मला माहीत नव्हतं. रंग पण मीच दिला, अंड्याची वाफ देऊन. मम्मींना आज सकाळपर्यंत माहीतसुद्धा नव्हतं. त्यांचा काही संबंध नाही."

भाऊ हसले. हसणारच. पण लवकर थांबले. त्यांनी डबी स्वतःकडे ओढली, भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, तू बोलली नसतीस तर मी घेतली असती." मग अंडं किती वेळ ठेवलं, डबा कसला, असं विचारू लागले. तिनं सगळं नीट सांगितलं, पण बसली नाही. भाऊंनी आपली पेनी उचलून पाकिटात घातली, माझी माझ्याकडे सरकवली. "यंदा जमणार नाही, ताई. दुसरं काही चांगलं मिळालं तर या." मी हो म्हटलं. पंच्याण्णवच्या पेनीकडे मी पुन्हा पाहिलं नाही, पाहवलंच नसतं.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. रिक्षात बसलो, रिक्षा उड्डाणपुलाखालून वळली. तशी ती एकदम माझ्याकडे वळली. तोंड लालबुंद झालं होतं.

"तुम्ही कशाला खोटं बोलल्या, मम्मी?"

मी म्हटलं, "अगं, तुला सगळे हसले असते."

"हसू द्या ना. हसून काय होतं? माझी चूक होती, मी निस्तरली असती. तुमचं नाव आहे तिथं. सगळे उठून खुर्ची देतात तुम्हाला, मी बघितलं ना. आणि तुम्ही सरळ सांगून टाकलं, मी धुतली म्हणून. कोणाला खरं वाटणार होतं ते? आणि त्या दिवशी पण असंच. छान केलंस म्हणे. एवढं वाईट वाटलं होतं तर बोलायचं ना मला. मी काय मेणाची आहे का? पप्पांकडून कळलं मला. किती राग आला होता माहितीये मला तुमचा?"

रिक्षावाला आरशातून बघायला लागला. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही समोर बघून चालवा, दादा."

मला हसू येत होतं. आमच्या घरात इतक्या वर्षांत माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. मी हळूच म्हटलं, "बरं बाई, चुकलं माझं."

"चुकलंच," ती म्हणाली. "आणि ते अंतर कसलं असतं ते मला घरी गेल्यावर नीट दाखवा. एवढं काय आहे त्यात, ते कळलं पाहिजे मला. आणि ते शालिमार चौकात थांबून कलिंगड घ्यायचंय, तुम्ही पैसे काढू नका, मी देणार आहे."

माझी पिशवी तिनं कधीच स्वतःच्या मांडीवर घेतली होती. मी हो म्हटलं.